कब्जा मिळेपर्यंतच्या वर्षांविषयी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. वडिलांच्या पश्चात वाड्याचा कारभार तुझ्याकडे आला आहे, पुढच्या तीन खोल्यांतल्या भाडेकरूंवर कब्जासाठी दावा लावावा असे तुझ्या मनात आहे आणि त्याला किती दिवस लागतील, असे तू विचारले आहेस. मी माझ्या भाडेकरूवर शिवाजीनगरच्या लघुवाद न्यायालयात २००३ साली दावा लावला. हुकूमनामा, म्हणजे कब्जाचा निकाल, २०१० साली झाला, भाडेकरूचे अपील जिल्हा न्यायालयाने २०१४ साली फेटाळले, आणि उच्च न्यायालयातून परत येऊन खोल्यांची किल्ली माझ्या हातात पडली ती २०१७ साली. या चौदा वर्षांपैकी दहा वर्षांचा दोष मी न्यायालयावरच्या कामाच्या बोजाला देतो. उरलेली चार माझ्या गाफीलपणात गेली आणि तुला हे पत्र मी मुख्यतः त्या चार वर्षांसाठी लिहीत आहे.

भाडे थकले आहे, एवढ्या एकाच कारणावर दावा उभा करण्याचा मोह आधी सोड. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १५ प्रमाणे तुला थकबाकीची लेखी नोटीस द्यावी लागेल आणि ती पोचल्यापासून नव्वद दिवस थांबल्याशिवाय त्या कारणावर दावा लावता येणार नाही. त्यानंतर दावा लावलास, तरी समन्स लागल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने सारी थकबाकी पंधरा टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरली, पुढेही भाडे नियमित भरत राहिला आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर त्या कारणावर हुकूमनामा होत नाही. दरमहा एकशे ऐंशी रुपये भाडे असलेल्या माणसाला हे मुळीच जड नाही. मात्र ‘नियमित’ हा शब्द लक्षात ठेव. दाव्याला तीन-चार वर्षे झाली की भाडेकरूही कंटाळतो आणि भरणा मागेपुढे होऊ लागतो, म्हणून दर सहा महिन्यांनी न्यायालयात भरलेल्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या नाझर शाखेतून भरण्याचा उतारा काढत जा. मी हा उतारा पहिल्यांदा मागितला तो दावा लागल्यानंतर पाच वर्षांनी, आणि तेव्हा त्यात सलग अकरा महिन्यांचा खंड सापडला.

खरा भर कलम १६ मधल्या कारणांवर ठेवावा लागतो, म्हणजे वाजवी व प्रामाणिक गरज, पोटभाडेकरू ठेवणे, लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम करणे, किंवा दावा लावण्यापूर्वीचे सलग सहा महिने जागा सबळ कारणाशिवाय न वापरणे. यांतली जेवढी कारणे खरोखर लागू असतील तेवढी सारी पहिल्याच वादपत्रात मांड, कारण मागाहून दुरुस्ती अर्ज द्यायचा म्हटले की त्यावर म्हणणे, युक्तिवाद, हुकूम, आणि पुन्हा भाडेकरूचे लेखी उत्तर म्हणजे जादा कैफियत, असे वर्ष सहज जाते. भाडेकरू मुलाकडे पिंपरीला राहायला गेले असून खोल्यांना बहुतेक कुलूप असते, असे तू लिहितोस. तसे असेल तर वीजमीटरवरचे मासिक युनिट हा तुझा सर्वांत बोलका साक्षीदार आहे. माझ्या शेजाऱ्याच्या दाव्यात महिन्याला तीन-चार युनिटांची बिले वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याने शाबीत केली आणि ‘आम्ही इथेच राहतो’ हे भाडेकरूचे म्हणणे उलटतपासाच्या वीस मिनिटांत कोसळले. ती बिले मात्र दाव्याच्या आधीच्या सहा महिन्यांचीच हवीत, नंतरच्या कुलपाचा त्या कारणाला उपयोग नाही.

गरजेविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण विलंबाचा घाव नेमका इथे बसतो. दावा लावताना मुलाला दवाखाना काढायचा असतो आणि निकाल लागेपर्यंत मुलगा कुठेतरी नोकरीत स्थिरावलेला असतो. मग भाडेकरूचा वकील विचारतो, आता गरज उरली कुठे? उत्तर प्रदेशातल्या अगदी अशाच प्रकरणात, गया प्रसाद विरुद्ध प्रदीप श्रीवास्तव या २००१ सालच्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने गरज तपासायची ती अर्ज दाखल केल्याच्या तारखेला असे सांगितले आणि न्यायव्यवस्थेच्या संथपणाची शिक्षा घरमालकाला देण्याचे नाकारले. नंतरच्या घटनेने गरज पूर्णच संपली असेल तर गोष्ट वेगळी, पण वाट पाहताना माणसाने पोटापाण्याची सोय केली म्हणून ती संपत नाही.

हा निकाल आहे म्हणून निर्धास्त मात्र राहू नकोस. माळ्यावरच्या दोन खोल्या दावा चालू असताना लिव्ह अँड लायसन्सवर विद्यार्थ्यांना द्याव्यात का, असे तू विचारले आहेस. कायद्याने त्यात गैर काही नाही. करार नोंदवलेला असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईही मागता येते. पण एकीकडे जागा अपुरी पडते म्हणून दावा आणि दुसरीकडे त्याच वाड्यातल्या दोन खोल्या परक्याला, हे चित्र उलटतपासात कसे दिसेल याचा विचार कर. नोंदणीकृत करार नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्स दोन या सूचीत कोणालाही सापडतो. त्या दहा-बारा हजारांवर पाणी सोड. शिवाय गरजेच्या दाव्यात अधिक त्रास कोणाला होईल याची तुलना न्यायालय करतेच, तेव्हा तुमच्या नावावरचा कोथरूडचा फ्लॅट वादपत्रातच सांगून टाक आणि तो का पुरत नाही तेही लिही. तो भाडेकरूने शोधून काढला, तर तुझी खरी गरजही न्यायाधीशांना खोटी वाटू लागेल.

आता माझ्या चुकीविषयी. माझा भाडेकरू २००६ साली वारला. मी त्यांच्याकडे समाचाराला गेलो, तासभर बसलो, मुलांची चौकशी केली आणि घरी आलो. दाव्यातला प्रतिवादी मरण पावला आहे ही गोष्ट मी माझ्या वकिलांना कळवली नाही. न्यायालयाला ते आपोआप समजत असेल, अशी काहीतरी माझी कल्पना होती. वारस अभिलेखावर आणण्याची मुदत नव्वद दिवसांची असते. ती टळली की दावा अबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो, आणि तो जिवंत करण्याच्या अर्जाला पुढे साठच दिवस मिळतात. तेही उलटल्यावर मला आधी विलंब माफीचा अर्ज द्यावा लागला आणि त्या अर्जाच्या उलटतपासात मला एकच प्रश्न विचारला गेला : ‘आपण तेराव्याला जेवायला होतात ना?’ मी होतो. न्यायालयाने खर्च बसवून विलंब माफ केला, परंतु त्यात अडीच वर्षे गेली. तुझे भाडेकरू आणि त्यांची पत्नी दोघेही सत्तरीपुढचे आहेत, म्हणून त्यांच्या मुलाबाळांची नावे, वये आणि पत्ते आजच एका कागदावर लिहून ठेव.

तुझ्या बाजूचीही माणसे म्हातारी होत आहेत. खोल्या मूळ कोणाला दिल्या, मागची पडवी कधी बंद केली, हे डोळ्यांनी पाहिलेली एकच व्यक्ती आज हयात आहे, ती म्हणजे तुझी आजी. साक्षीची पाळी येईपर्यंत थांबलास तर कदाचित फार उशीर होईल. पुरेसे कारण दाखवले तर साक्षीदाराची जबानी लगेच नोंदवून घेण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, तेव्हा वयाचा दाखला जोडून तो अर्ज दाव्याबरोबरच दे.

तारखांना स्वतः जात जा. एका दाव्यात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत, असे संहितेत लिहिलेले आहे, आणि प्रत्यक्षात काय होते ते कोणत्याही न्यायालयाच्या व्हरांड्यात अर्धा तास उभे राहिले तरी दिसते. तरीही समोरच्या प्रत्येक तहकुबीला लेखी हरकत घेऊन खर्च मागितला, तर त्याची नोंद न्यायालयाच्या दैनंदिन कामाच्या नोंदीत, म्हणजे रोजनाम्यात राहते, आणि दावा लवकर चालवण्याचे निर्देश उच्च न्यायालयाकडे मागताना तोच रोजनामा दाखवावा लागतो. माझ्या दाव्यात सलग सात तारखा ‘वादीतर्फे वेळ मागितला’ अशा होत्या, आणि मी मात्र घरी बसून भाडेकरूला बोल लावत होतो. आता न्यायालयांच्या ई-कोर्ट या संकेतस्थळावर दाव्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि झालेले काम घरबसल्या दिसते, त्यामुळे माझ्याकडे जी सबब होती तीही तुला नाही.

पाण्याच्या नळाविषयी तू जे सुचवले आहेस ते मनातूनही काढून टाक. पाणी, वीज, जिन्यातला दिवा यांपैकी काहीही सबळ कारणाशिवाय तोडणे कलम २९ ने वर्ज्य केले आहे आणि त्याला शिक्षा आहे. भाडेकरू दुसऱ्याच दिवशी मनाई हुकूम आणेल, आणि पुढची दोन वर्षे तू वादी म्हणून नव्हे, प्रतिवादी म्हणून तारखा करशील.

हुकूमनामा झाला म्हणजे संपले, असे समजू नकोस. अपील होणार आणि त्यात स्थगितीही मागितली जाणार. विलंबाचे वजन दुसऱ्या पारड्यात टाकण्याची खरी संधी तिथे आहे. आत्माराम प्रॉपर्टीज या २००४ सालच्या निकालात आणि पुढे महाराष्ट्र शासन विरुद्ध सुपर मॅक्स या २००९ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, हुकूमनाम्यानंतर जागा अडवून ठेवायची असेल तर स्थगितीची अट म्हणून बाजारभावाशी जुळणारी वाजवी रक्कम भरायला लावता येते. त्यासाठी आसपासच्या दोन-तीन नोंदणीकृत करारांच्या प्रती आणि मूल्यनिर्धारकाचा अहवाल स्थगितीच्या पहिल्याच तारखेला हातात हवा. माझ्या भाडेकरूच्या वारसांना दरमहा साडेसहा हजार भरायचा हुकूम झाला. तोवर ते एकशे वीस रुपये भरत होते. समेटाचा पहिला निरोप त्यानंतर पंधरा दिवसांत आला, आणि मी तो ताठ्याने परत पाठवला, ही माझी दुसरी मोठी चूक. पुढची तीन वर्षे, वकिलांची फी आणि मुंबईच्या खेपा यांचा हिशेब मांडला असता, तर मागितलेली रक्कम निम्म्याहून कमी होती.

तुझ्याकडे असा निरोप आला तर तडजोडीचे बोल, मात्र साध्या स्टॅम्पपेपरवर भागवू नकोस. न्यायालयात तडजोडपत्र दाखल करून हुकूमनामा घे, आणि भाडेकरूने कलम १६ मधले निदान एक कारण त्यात मान्य केले आहे, हे स्वतः वाचून पाहा. भाडे कायद्याखाली कारणाशिवाय नुसत्या संमतीवर कब्जा देता येत नाही, आणि ती ओळ लिहायची राहिली तर दरखास्तीच्या, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या वेळी हुकूमनामाच शून्यवत आहे अशी हरकत निघते. घरात राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाची सही घे, नाहीतर बेलिफ दारात उभा असताना आतून एखादा भाचा ‘माझा स्वतंत्र हक्क आहे’ म्हणत बाहेर येतो आणि अडथळ्याची आणखी एक चौकशी सुरू होते.

तुझ्या वडिलांनी भाडेपावत्यांच्या स्थळप्रती लाल कापडात बांधून देवघराच्या वरच्या फडताळात ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. येत्या रविवारी त्या आणि वाड्याचा सिटी सर्व्हेचा उतारा घेऊन ये. नोटिशीचा मसुदा वकिलांकडे जाण्यापूर्वी पावत्यांवरची नावे एकदा आजीसमोर वाचून काढू.

तुझा,
काका