पीतज्वरावरच्या (यलो फीव्हर) प्रयोगांचा इतिहास खासगी पत्रांतून अभ्यासायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?

व्हर्जिनिया विद्यापीठाचा फिलिप हेंच संग्रह आधी उघडा. त्यातलं बरंचसं ऑनलाइन घरबसल्या वाचता येतं. हेंच हे १९५० चे नोबेलविजेते डॉक्टर. पीतज्वर डासांमुळे पसरतो का, हे तपासणाऱ्या अमेरिकी लष्करी डॉक्टरांच्या पथकाचे प्रमुख वॉल्टर रीड यांच्या १९०० च्या क्युबातल्या प्रयोगांचे कागद त्यांनी अक्षरशः झपाटल्यासारखे जमवले.

पण वाचताना पत्राची तारीख आणि लिहिणाऱ्याचा ठावठिकाणा आधी बघा. सहकारी कॅरोल स्वतःला डास चाववून घेऊन मरणाच्या दारात पोचले, तेव्हा रीड वॉशिंग्टनमध्ये होते. कॅरोल बचावल्याचं कळल्यावर ७ सप्टेंबरच्या पत्रात रीड आनंदाने नाचतात आणि शेवटी विचारतात, डासानेच केलं का हे? म्हणजे तोवर प्रमुखालाच खात्री नव्हती! दुसऱ्या दिवशी पथकातले दुसरे डॉक्टर लाझिअर पत्नीला लिहितात की, खरा जंतू हाती लागणार असं वाटतंय. २५ सप्टेंबरला त्याच तापाने ते गेले.

हेंचनी मोरान, किसिंजर अशा स्वयंसेवकांकडून मागवलेल्या आठवणी मात्र चार दशकांनंतरच्या आहेत. त्या १९०० च्या कागदांशी ताडून बघितल्याशिवाय वापरू नका. शंभर डॉलरचं सोनं घेऊन प्रयोगाला तयार झालेल्या स्पॅनिश मजुरांसाठी पत्रांपेक्षा त्यांचे संमतीचे करार बघा.