फोंडा-पणजी रोजच्या ये-जा करण्यासाठी कुटुंबाला कोणती क्रॉसओव्हर घ्यावी?

घरात पाच माणसे, रोज फोंड्याहून पणजी आणि अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगाव, एवढीच गरज असेल तर माझ्या मते मारुती ब्रेझा या क्रॉसओव्हरचे (कारसारखी, पण उंच बांध्याची गाडी) दीड लिटर पेट्रोल इंजिन पुरेसे आहे. त्यात टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा भाग) नसल्याने गुंतागुंत कमी आहे आणि लांबी ३९९५ मिमी असल्यामुळे वाड्यावरच्या (गावातल्या वस्तीतल्या) अरुंद रस्त्यावर समोरून बस आली तरी गाडी बाजूला घेता येते. मागे तिघे मोठे मात्र दाटीनेच बसतील. सनरूफवर (आपल्या उन्हात तो बहुधा बंदच असतो) खर्च करण्यापेक्षा गाडीच्या तळाला अंडरकोटिंग (गंजरोधक थर) करून घ्यावे, कारण खाऱ्या हवेत आणि पावसाळी चिखलात गंज तिथूनच सुरू होतो. टेस्ट ड्राइव्ह सर्वांना बसवून, एसी लावून, चढावरच घ्यावी.