पर्याय खरा आहे का, हे विचारलेलंच नसतं

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, एमबीए सीईटीची तयारी करतेय. सीटिंग अरेंजमेंट, ब्लड रिलेशन, कोडिंग जमतं. सिलॉजिझम, विधान-गृहीतक आणि युक्तिवादाचे प्रश्न मात्र निम्मे चुकतात. सगळेच पर्याय बरोबर वाटतात. सहा महिने रोज सराव करूनही फरक नाही. माझं लॉजिकच कच्चं आहे का? एमबीएचा विचार सोडू का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : सोडू नका. सीटिंग अरेंजमेंट सोडवणाऱ्याचं लॉजिक कच्चं नसतं. तुमची अडचण ‘सगळेच पर्याय बरोबर वाटतात’ या वाक्यात आहे. पर्याय खरा आहे का, हे तुम्ही तपासताय. पेपरात ते विचारलेलंच नसतं. पर्याय विधानातून निघतो का, विधानाखाली आधीच धरलेला आहे का, की विधानाला बळ देतो, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची कसोटी वेगळी आहे.

आधी सिलॉजिझम, म्हणजे दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढणं. हा निगामी तर्क. विधानं खरी मानली की निष्कर्ष खरा असलाच पाहिजे, ‘बहुतेक’ इथे चालत नाही. ‘सर्व पेन पेन्सिली आहेत. काही पेन्सिली लाल आहेत.’ मग काही पेन लाल आहेत का? पेन्सिलींचं मोठं वर्तुळ काढा, त्याच्या आत पेनांचं छोटं. आता लाल वर्तुळ मुद्दाम असं काढा, की ते पेन्सिलींना छेदेल पण पेनांना शिवणार नाही. दोन्ही विधानं शाबूत राहिली आणि निष्कर्ष पडला, म्हणजे तो निघत नाही. बहुतेक मुलं निष्कर्ष जुळवणारी आकृती काढतात आणि तिथेच फसतात. पाडणारी काढा. कितीही प्रयत्न करून पडला नाही, तरच निघतो. मात्र ‘काही पेन लाल असण्याची शक्यता आहे’ असं विचारलं, तर कसोटी उलटी होते : जुळणारी एक आकृती मिळाली तरी पुरे.

दोन शब्दांवर खास लक्ष ठेवा. आपण ‘काही मुलं आली’ म्हणतो तेव्हा काही आली नाहीत, असंही सुचवतो. पेपरात ‘काही’ म्हणजे किमान एक, कदाचित सगळेसुद्धा. आणि ‘फक्त पदवीधरच अर्ज करू शकतात’ याचा अर्थ अर्ज करणारा प्रत्येक जण पदवीधर, इतकाच. प्रत्येक पदवीधराला अर्ज करता येईल, असा नाही. विधान असं उलटं वाचण्याची चूक फार जुनी आहे. आपल्या न्यायशास्त्रात डोंगरावर धूर दिसला की अग्नीचं अनुमान होतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी. पण जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणता येत नाही. त्यासाठी तिथे तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण देतात : अग्नी आहे, धूर नाही. ‘सर्व अ हे ब आहेत’ वाचलं की हा गोळा आठवा.

गृहीतकाला वर्तुळं लागत नाहीत, नकार लागतो. ‘उद्या पाणी येणार नाही, आजच भरून ठेवा,’ अशी नगरपालिकेची सूचना आहे. पहिलं गृहीतक : लोक सूचना वाचतील. नकार द्या : कुणीच वाचणार नाही. मग सूचना लावण्यात अर्थ उरत नाही, म्हणून हे गृहीतक आहे. दुसरं : पाइपलाइनची दुरुस्ती चालू आहे. नकार द्या : दुरुस्ती नाही. तरी सूचना तशीच उभी राहते, म्हणजे हे गृहीतक नाही. प्रत्यक्षात दुरुस्ती चालू असेलही, त्याच्याशी आपला संबंध नाही. तुमचे प्रश्न बहुधा इथेच चुकत असणार.

युक्तिवादाचे प्रश्न बऱ्याचदा विगामी असतात. तिथे खात्री नसते, फक्त बळ कमी-जास्त होतं. ‘ठिबक बसवलेल्यांचं उसाचं उत्पादन यंदा वाढलं, म्हणून ते ठिबकमुळेच वाढलं.’ याला कमकुवत करणारं विधान कोणतं? ‘ठिबक महाग आहे’ हे खरं असलं तरी निरुपयोगी. ‘ठिबक नसलेल्या शेजाऱ्यांचंही तितकंच वाढलं’ हे नेमकं, कारण ते कारण आणि परिणाम यांच्यातला सांधाच तोडतं. कृतिमार्गाच्या, म्हणजे दिलेल्या अडचणीवर कोणता उपाय योग्य, अशा प्रश्नांत दोनच गोष्टी पाहा : उपाय दिलेल्या अडचणीवरच आहे का, आणि तो करता येण्यासारखा आहे का.

सराव वाढवू नका, बदला. पुढचे 14 दिवस रोज 20 प्रश्न, घड्याळ न लावता. पर्याय झाकून आधी समासात लिहा : ‘निघतो’, ‘धरलेलं’ की ‘बळ’. मगच पर्याय उघडा. चुकलेल्या प्रश्नासमोर कारण लिहा. बाहेरची माहिती आणली, विधान उलटं वाचलं, की ‘काही’, ‘फक्त’ निसटलं? 280 प्रश्नांनंतर वही चाळली, की यातली एक चूक बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त दिसेल. तिसऱ्या आठवड्यात फक्त तिच्यावर काम करा.

घड्याळ त्यानंतर. सीईटीच्या गेल्या काही वर्षांच्या नमुन्यात 200 प्रश्न आणि 150 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. त्यात 75 प्रश्न लॉजिकल रीझनिंगचे. निगेटिव्ह मार्किंग नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. गृहीतकाचा प्रश्न कसोटी पक्की झाली की अर्ध्या मिनिटात होतो. तिथे वाचलेला वेळ सीटिंगच्या लांब सेटला द्या, तिथे तुमचे गुण आधीच पक्के आहेत.