‘आगर बघणारं कोणी नाही’, असं बाबा माझ्यासमोरच म्हणतात

प्रश्न : मावशी, मी 38 वर्षांची. शिरोड्याला आमचं पिढीजात मिठागर आहे. लहानपणी आईबरोबर वाफ्यांत उतरायचे, मिठाच्या टोपल्या वाहायचे. आता सावंतवाडीला पतसंस्थेत नोकरी करते, पण हंगामात शनिवार-रविवार माहेरीच असते. पाणी बोटांत चोळलं की मीठ कधी धरेल ते मला कळतं. आई चार वर्षांपूर्वी गेली. बाबा 71 वर्षांचे आहेत. भाऊ पुण्याला, तो जमीन विकू म्हणतो. नवऱ्याची माझ्या कशालाच हरकत नाही. घरी कोणी आलं की बाबा सांगतात, “आमच्यात आता आगर बघणारं कोणी उरलं नाही.” मी तिथेच चहाचे कप घेऊन उभी असते. मला आगर चालवायचंय, पण बोलायला गेले की घसा भरून येतो. काय करू?

उत्तर : अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी त्या चहाच्या कपांपाशी थांबले.

बाबांवर रागावू नकोस असं मी म्हणणार नाही. राग येण्यासारखंच आहे ते. पण ते तुला कमी लेखतात म्हणून तसं बोलतात, असं मला वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांना तू दिसतच नाहीस, आणि याचं मूळ तुझ्या आईपर्यंत जातं. दहा लिटर समुद्राचं पाणी उन्हात आटवलं तर हाती लागतं जेमतेम पाव किलो मीठ. मग एकेक रास उभी राहायला किती टोपल्या लागल्या असतील आणि त्या कुणाच्या डोक्यावरून आल्या, ते तू पाहिलंयस. तरी गावात आगर ओळखलं गेलं ते बाबांच्या, आजोबांच्या नावानं. तुझी आई ‘मदत करायची’. तूही शनिवार-रविवारी ‘मदतीला येतेस’. हा शब्द तुमच्या घरात इतका मुरलाय की त्याच्याआडचं काम बाबांना दिसेनासं झालंय. 1930 च्या मे महिन्यात ज्या शिरोड्यात लोक मिठासाठी लाठ्या खायला उभे राहिले, त्याच गावात मिठाचं काम करणाऱ्या बाईनं चहा घेऊन गप्प उभं राहावं, याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा पहिली गोष्ट, बोलायचं. पण ओटीवर नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. पावसाळा सरला की बांधाची डागडुजी निघेल, वाफ्यांचे तळ पायांनी तुडवून घट्ट करायचे असतील. त्या दिवसांत रजा टाकून जा. चिखलात बाबांच्या शेजारी उभी असताना सांग, “बाबा, हे मी करणार आहे.” घसा भरून आला तर येऊ दे. काम करताना माणसाला समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे अवघड बोलणं सोपं जातं. तुझ्या बाबांनाही ते सोपं जाईल.

आता व्यवहाराचं. भाऊ विकू म्हणतो, त्यात त्याला वाईट ठरवू नकोस. अवकाळीची एक सर सगळ्या वाफ्यांचं पाणी पातळ करून टाकते, हे त्यानंही लहानपणी पाहिलंय. आधी कागद काढ. आगराची जमीन मालकीची आहे की भाडेपट्ट्याची, हे सातबारा आणि जुने करार बघून वकिलाकडून समजून घे. वडिलोपार्जित मालकीची असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं तुझा हक्क भावाइतकाच आहे. ही दुरुस्ती झाली त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलंय, आणि तुझे बाबा तर सुदैवानं आजही आहेत. हक्कसोड पत्रावर ‘नुसती सही कर’ असं कोणी म्हणालं, तर करू नकोस.

मिठाच्या विक्रीचा विचार नोकरी सोडण्याआधी कर. आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला 2006 पासून देशभर बंदी आहे. म्हणजे सुंदर पिशवीत भरून ‘आजीचं मीठ’ म्हणून शहरात पाठवायचं असेल, तर आयोडीन मिसळण्याची सोय आणि अन्नपरवाना दोन्ही लागतील. मासळी खारवायला आणि नारळाच्या आळ्यात घालायला मात्र तुमच्याकडे जाडं मीठ लागतंच. ती गिऱ्हाइकं बाबांच्या तोंडपाठ असतील. त्यांची नावं, कोण किती नेतं, कोण उधारी ठेवतं, सगळं वहीत उतरवून घे. पतसंस्थेत बसून तू दुसऱ्यांचे हिशेब बघतेस, आता दोन हंगाम स्वतःच्या आगराचा खर्च आणि उत्पन्न लिही. तोवर नोकरी सोडू नकोस. पगार हाताशी असला म्हणजे एका वळवानं तुझा निर्णय मोडणार नाही.

बोटांत पाणी चोळण्याबद्दल तू ओझरतं लिहिलंयस, पण तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. पाण्याची घनता बोमे मापकावर (पाण्यात तरंगणारी, अंश आखलेली काचेची नळी) 25 अंशांच्या आसपास आली की मीठ धरू लागतं, आणि 29-30 च्या पुढे गेलं की उरलेल्या पाण्यातले मॅग्नेशियमचे क्षार मिठाला कडू करतात. हे अंतर तू बोटांनी ओळखतेस. ते आईकडून आलं असेल, तर बाबांना तसं सांग. मापकही घे, तो फार महाग नसतो. तुझी बोटं आणि काच काय म्हणतात ते बाबांसमोर ताडून बघ. त्यांना आवडेल ते.

आणि पायांना जप. खाऱ्या पाण्यानं भेगा पडतात, उन्हाच्या चकाकीनं डोळ्यांना त्रास होतो. तुझ्या आईला कोणी गमबूट आणि काळा चष्मा दिला नव्हता. तू पहिल्या दिवसापासून वापर, बाबांनाही घालायला लाव.

एवढं झालं की पुढच्या वेळी पाहुणे येतील तेव्हा ओटीवर बाबांच्या शेजारी बस. चहा नवरा आणेल, त्याची कशालाच हरकत नाही असं तूच लिहिलंयस.