रात्री अडीचला टक्क जाग येते

प्रश्न : वय ५४, पाळी जाऊन ३ वर्षं झाली. झोप पटकन लागते पण अडीच-तीनला टक्क जाग येते, मान-पाठ घामाने चिंब, पांघरूण फेकून देते, पाच मिनिटांत हुडहुडी भरते की परत ओढून घेते, नंतर सहापर्यंत घड्याळ बघत पडून राहायचं. झोप भरून निघावी म्हणून हल्ली नऊलाच आडवी होते. डॉक्टर म्हणाले वयानुसार होतं. जाऊबाईंनी त्यांची झोपेची अर्धी गोळी दोनदा दिली, मस्त झोप लागली. रोज घेतली तर चालेल का?

उत्तर : नाही हो ताई. गोळी त्यांचं वय, त्यांची बाकीची औषधं बघून दिलेली आहे, तुमचं काही बघून नाही. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचंच उदाहरण बघा, ते बायकांच्या शरीरातून पुरुषांपेक्षा हळू बाहेर पडतं, म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेत बायकांचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला लावला, तोवर बायका-पुरुषांना एकच माप चालू होतं. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची तर सवयच लागते. शिवाय पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होत जातात, गुंगीत बाथरूमला उठलात आणि तोल गेला तर खुब्याचं हाड मोडायला कितीसा वेळ लागतो?

‘वयानुसार होतं’ हे अर्धंच खरं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हॉर्मोन कमी झालं की मेंदूतला थर्मोस्टॅट फार हळवा होतो, अंग जरासं तापलं तरी उष्णता बाहेर टाकायची घाई करतो, तोच तुमचा घाम आणि नंतरची हुडहुडी. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हॉर्मोनमुळे मेंदू थोडा शांत राहायचा, तेही गेलं. पण आठवड्यात ३ रात्री आणि असं ३ महिने चाललं तर तो निद्रानाश, त्याला उपचार आहेत, सोसत बसायचं काही कारण नाही.

जाग घामानेच येत असेल तर आधी घामाचं बघा. हॉर्मोन थेरपी साधारण साठीच्या आत आणि पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत सुरू केली तर बऱ्याच जणींना चालते, मात्र स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल तर सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी हॉर्मोन नसलेली औषधं आहेत. हे गायनॅकशी बोला, आणि जाताना थायरॉईड, फेरिटिनच्या (अंगातला लोहाचा साठा) टेस्टबद्दलही विचारा. थायरॉईड वाढलं तरी घाम येतो, झोप उडते. आणि लोह कमी असलं की रात्री पायात वळवळल्यासारखं होतं, हलवले की बरं वाटतं, बायका म्हणतात ‘पाय दुखतात’ आणि मालिश करून सोडून देतात.

आता नऊला आडवं होण्याचं. हिशोब करा, झोप होते साडेपाच तास आणि गादीवर तुम्ही ९ तास, म्हणजे रोज साडेतीन तास तुम्ही अंथरुणात जागं राहायची प्रॅक्टिस करताय. गादी दिसली की मेंदू जागा, अशी गाठ बसते. उलटं करा : झोपायला साडेअकरा, उठायला सहा, रोज, रविवारीसुद्धा. जाग आली आणि पंधरा-वीस मिनिटं झाल्यासारखं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, डोळे मिटायला लागले की परत. घड्याळाचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवा. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येणार, चिडचिड होणार, गाडी जपून चालवा (फिट येण्याचा किंवा बायपोलरचा त्रास असेल तर हा प्रयोग घरच्या घरी नको). गादीवरचा बहुतेक वेळ झोपेत जायला लागला की पंधरा-पंधरा मिनिटं आधी झोपायला सुरुवात करा. ही सीबीटी-आय नावाच्या (झोपेच्या सवयी आणि विचार बदलायच्या, बिनगोळीच्या) उपचारातली मुख्य गोष्ट, निद्रानाशात गोळीच्या आधी हेच द्यावं असं आता डॉक्टरांच्या गाइडलाइन्स सांगतात, फक्त समजावून सांगायला वेळ लागतो आणि चिठ्ठी लिहायला मिनिटभर!

संध्याकाळचा चहा-कॉफी बंद, कारण पाच-सहा तासांनीही निम्मं कॅफिन अंगात असतं. हे सगळ्यांना माहीत असतं, करत कोणी नाही.

प्रश्न : मी ५८. आठ तास झोपते तरी सकाळी डोकं जड, दिवसभर गळून गेल्यासारखं. मुलगी म्हणते आई तू घोरतेस. त्याचा संबंध असेल का?

उत्तर : दाट शक्यता आहे. झोपेत श्वास अडकण्याचा आजार, स्लीप ॲप्निया, जाड्या घोरणाऱ्या पुरुषांचाच असतो असं आपण धरून चालतो, पण प्रोजेस्टेरॉन गेल्यावर घशाचे स्नायू झोपेत जास्त सैल पडतात, चरबी पोटा-मानेकडे सरकते, त्यामुळे पाळीनंतर बायकांमध्येही तो बराच वाढतो. बायका ‘श्वास अडकतो’ म्हणत नाहीत, ‘थकवा येतो, सारखी जाग येते, सकाळी डोकं दुखतं’ म्हणतात, म्हणून कित्येकींना आधी डिप्रेशनचं औषध मिळतं. मुलीला एका रात्री शेजारी झोपायला सांगा, घोरणं मध्येच थांबतं का आणि मग धसका बसल्यासारखा श्वास येतो का ते मोबाईलवर रेकॉर्ड करू दे. ते डॉक्टरांना ऐकवा, बीपी मोजून घ्या आणि स्लीप स्टडी (रात्रभर झोप आणि श्वास तपासणं) करायची का विचारा, हल्ली बोटाला-छातीला सेन्सर लावून ती बऱ्याचदा घरीसुद्धा होते. तोवर झोपेची गोळी अजिबात नको, काही गोळ्यांनी श्वास आणखी मंदावतो.