सामाजिक प्रश्नांवर माहितीपट बनवण्यात करिअर करता येते का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: या क्षेत्रात पोट भरते का, कोणता अभ्यासक्रम करावा, आणि लोकांनी कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने बोलावे यासाठी काय करावे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देते, कारण मी लिहायला बसले आहे ती तिसऱ्या प्रश्नामुळे.

केवळ माहितीपटांवर घर चालवणारे मला फार थोडे भेटले आहेत. बहुतेक जण जाहिरातींचे संकलन करतात, शिकवतात, संस्थांसाठी प्रचारपट करून देतात आणि उरलेल्या वेळात स्वतःचा माहितीपट वर्षानुवर्षे रेटत नेतात. अनुदाने आहेत, अॅमस्टरडॅमच्या इडफा या माहितीपट महोत्सवाशी जोडलेला बर्था फंड आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका अशा प्रदेशांतील दिग्दर्शकांना साहाय्य करतो. परंतु अर्जासोबत दाखवण्याजोगी दृश्ये हाती येईपर्यंतचा खर्च बहुधा आपल्याच खिशातून जातो. पुढे वाहिन्या ५२ मिनिटांची आवृत्ती मागतात आणि महोत्सवांसाठी आपल्याला लांब आवृत्ती हवी असते, त्यामुळे एकच माहितीपट दोनदा संकलित करावा लागतो. अभ्यासक्रम कोणताही करा, मात्र जिथे संकलन मन लावून शिकवत नाहीत तिथे पैसे घालवू नका.

आता तिसरा प्रश्न. दगड फोडण्याच्या यंत्रांवर काम करून सिलिकोसिस झालेल्या कामगारांवर मी आणि माझा सहदिग्दर्शक माहितीपट करत होतो. या आजारात दगडातील सिलिका या खनिजाची अतिसूक्ष्म धूळ फुफ्फुसांत जाऊन बसते, तिथे व्रण तयार होतात, आणि माणूस धुळीपासून दूर गेला तरी झालेली हानी भरून येत नाही. आमच्या माहितीपटाच्या केंद्रस्थानी असलेला यंत्रचालक पन्नाशीचाही नव्हता. त्याला कॉलर माइक लावला की त्याच्या श्वासाची शिट्टी हेडफोनमध्ये इतकी मोठी येई, की आमच्या साउंड रेकॉर्डिस्टने तो माइक छातीवरून काढून खांद्याच्या शिवणीपाशी लावला. संमतीपत्र त्याने गुडघ्यावर धरून, न वाचता सही करून परत दिले आणि विचारले, "ताई, याची एक प्रत मला मिळेल का?" मी "पाठवते" म्हणाले. ती प्रत अजून माझ्याच फाइलमध्ये आहे.

चित्रीकरणाच्या अकराव्या दिवशी तो कॅमेरा विसरला. आपण ज्याला मोकळेपणा म्हणता तो आम्हाला मिळाला, आणि तो कोणत्याही युक्तीने मिळाला नाही. आम्ही रोज येऊन बसत होतो, एवढेच. त्या संध्याकाळी तो म्हणाला, "सुरुवातीची काही वर्षे मी सिगारेटही ओढायचो, मग दोष तरी कुणाला देणार?" त्यानंतर त्याला खोकल्याची उबळ आली. कॅमेरा चालू होता आणि आम्ही तो बंद केला नाही. संकलनाच्या टाइमलाइनवर ते वाक्य आणि त्यामागचा ४० सेकंदांचा खोकला शेवटी ठेवताच माहितीपटाला शेवट सापडला, हे आम्हा दोघांनाही त्याच क्षणी कळले.

रफ कट, म्हणजे संकलनाची पहिली कच्ची आवृत्ती, पाहून झाल्यावर मी म्हटले की हे त्याला एकदा दाखवू या. सहदिग्दर्शक म्हणाला, "सही आहे ना? दाखवलेस तर तो नेमके हेच वाक्य काढायला लावील." महोत्सवाची मुदत चार दिवसांवर आली होती. मी गप्प बसले.

त्या कामगाराचा नुकसानभरपाईचा दावा चालू होता, आणि ते आम्हाला ठाऊक होते. प्रदर्शनानंतर काही महिन्यांतच कंत्राटदाराच्या वकिलाने ते वाक्य सुनावणीत मांडले. सिगारेटमुळे सिलिकोसिस होत नाही, तो सिलिकाच्या धुळीनेच होतो, आणि त्याचे निदान छातीचा एक्स-रे व कामाचा पूर्वेतिहास यांवरून करतात, हे कोणताही जाणकार डॉक्टर सांगेल. परंतु ते सांगायला पुन्हा तज्ज्ञ आणावा लागला, पुन्हा तारखा पडल्या. निकाल लागला तेव्हा रक्कम त्याच्या पत्नीच्या हाती देण्यात आली.

माझा सहदिग्दर्शक आजही म्हणतो की पात्रांना रफ कट दाखवणे म्हणजे संपादकीय स्वातंत्र्य गहाण टाकणे, आणि हे अलीकडचे खूळ आहे. अलीकडचे ते अजिबात नाही. १९२२ च्या 'नॅनूक ऑफ द नॉर्थ' या माहितीपटासाठी दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टीने चित्रीकरणाच्या जागीच फिल्म धुऊन ती त्यात दिसणाऱ्या, कॅनडाच्या उत्तरेकडील इन्युइट लोकांना दाखवली होती. (त्याच फ्लॅहर्टीने पडद्यावर खोटे कुटुंब उभे केले, हेही खरे; म्हणून त्याला संत ठरवण्याचे कारण नाही.) कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने १९६७ मध्ये फोगो बेटावर चित्रीकरण केले तेव्हा बेटावरच्या लोकांना आधी फुटेज दाखवले गेले, आणि त्यामुळे ते माहितीपट लेचेपेचे झाले नाहीत. उलट 'द थिन ब्लू लाइन' पाहा. १९८८ च्या या माहितीपटाने रँडल अॅडम्स या निरपराध कैद्याची बाजू जगापुढे आणली, १९८९ मध्ये तो सुटला, आणि त्यानंतर स्वतःच्याच जीवनकथेच्या हक्कांसाठी त्याला दिग्दर्शक एरॉल मॉरिस याच्याशी कायदेशीर वाद करावा लागला. ज्या माहितीपटाने माणसाला तुरुंगातून सोडवण्यास हातभार लावला, त्याच्या बाबतीतही कागदावरची सही पुरली नाही. मग आमच्या कागदाची काय कथा? दाखवले असते तर त्याने ते वाक्य काढायला सांगितले असते, हे मला मान्य आहे. आमचा शेवट थोडा फिका झाला असता.

पात्रांना रफ कट दाखवण्याचा हा नियम सत्ता हाती असलेल्यांना लागू नाही, हे सांगायचे राहिले. कंत्राटदाराला, अधिकाऱ्याला किंवा मंत्र्याला रफ कट दाखवू नये. त्यांच्या विधानांचा विपर्यास झालेला नाही एवढे आपण तपासावे आणि वकिलाला दाखवावे. शिवाय पात्राने दृश्य काढायला सांगितले की ते काढलेच पाहिजे असेही नाही. त्याला नुसते अवघडल्यासारखे होते आहे की त्याचे खरोखर नुकसान होणार आहे, हे पाहून निर्णय आपणच घ्यावा लागतो, आणि तो कधी कधी चुकतो.

तेव्हा लोकांना बोलते कसे करावे याची चिंता आपण करू नये. पुरेसे दिवस जाऊन बसलात तर लोक बोलतात. ते बोलल्यानंतरच्या सकाळी फुटेजची नोंद करताना त्या सिगारेटच्या वाक्यासारख्या वाक्यांवर खूण करा, आणि हे वाक्य कुणाच्या कानावर गेल्यास अडचण होईल ते त्या माणसालाच विचारा. त्याची नोकरी, दावा, भाडेकरार, घरातले भांडण यांतले काय चालू आहे याची आपल्याला असलेली माहिती संकलकाला लेखी द्या, कारण त्याच्यासमोर नुसता चेहरा आणि आवाज असतो. संमतीपत्र दोन प्रतींत छापून न्या, ते वाचून दाखवा, आणि एक प्रत तिथून उठण्याआधी त्याच्या हातात द्या.