डब्लिनला शिकायला जाणाऱ्या मुलीला होस्ट फॅमिलीकडे ठेवावं की हॉस्टेलला?

तुमचा प्रश्न खरं तर एवढाच आहे: मुलगी सप्टेंबरमध्ये सांगलीहून डब्लिनला मास्टर्सला चालली आहे, होस्ट फॅमिली (म्हणजे तिथल्या कुटुंबाच्या घरात पैसे देऊन राहणं) बरी की हॉस्टेल? पण खाली तुम्ही लिहिलंय, "एजंट म्हणतात घर चांगलं आहे, फार चौकशा केल्या तर त्यांना वाईट वाटेल." त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले. चौकशी करा. खोदून करा आणि उत्तरं लेखी घ्या.

पहिलं विचारायचं ते आठवड्यातल्या किती रात्रींचं भाडं आहे. आयर्लंडमध्ये अशा राहण्याला डिग्ज म्हणतात आणि बऱ्याच घरांत ते सोमवार ते शुक्रवारच असतं. तिथली मुलं शुक्रवारी संध्याकाळी बस पकडून आपल्या गावी जातात, त्यांच्या सोयीनं पडलेली ही पद्धत आहे. सांगलीच्या पोरीनं शुक्रवारी बॅग उचलून कुठं जायचं? भाडं फारच कमी दिसलं तर आधी हे तपासा. "सातही रात्री, नाताळच्या सुट्टीतसुद्धा" असं स्पष्ट उत्तर ईमेलमध्ये यायला हवं.

दुसरं, घरमालक त्याच घरात राहत असल्यामुळे कायद्यानं तुमची मुलगी भाडेकरू ठरत नाही. भाड्याचे तंटे सोडवणारं तिथलं सरकारी मंडळ अशी प्रकरणं घेत नाही. घर सोडायला सांगितलं तर "वाजवी" मुदत मिळावी, एवढाच हक्क. डिपॉझिट अडकलं तर स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात जायचं, आणि तिथं कागदच बोलतो. म्हणून नोटीस किती आठवड्यांची, डिपॉझिट कशासाठी कापलं जाईल, मालक खोलीत कधी येणार, खोलीला कुलूप आहे का, हे पैसे पाठवायच्या आधी लिहून घ्या. घराचा एअरकोडही मागा. तिथं प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र सात अक्षरी कोड असतो. तो नकाशात टाका, घर खरंच आहे का बघा आणि सकाळी आठला कॉलेजला पोचायला किती वेळ लागतो तेही बघा.

पत्त्याचा पुरावा द्याल का, हेही आधीच विचारा. पीपीएस नंबर, म्हणजे नोकरी-करासाठी लागणारा तिथला सरकारी ओळख क्रमांक, काढताना पत्ता दाखवावा लागतो आणि विजेचं बिल मालकाच्या नावावर असतं. ते मूळ बिल, आणि ही मुलगी माझ्याकडे राहते अशी मालकाच्या सहीची चिठ्ठी, दोन्ही लागतं. काही मालक इथं का-कू करतात. वर्षाला 14,000 युरोपर्यंतचं खोलीभाडं तिथं करमुक्त आहे, पण त्यावर एक युरो जरी गेला तरी सगळ्या रकमेवर कर लागतो. जेवणाचे पैसेही त्यातच धरतात. त्यामुळे दोन-तीन मुलं ठेवणारे कागदावर यायला बिचकतात. चिठ्ठी नाही म्हणाले तर ते घर सोडा.

आता गरम पाणी. घरात जास्तीत जास्त कुरबुरी यावरूनच होतात. पुष्कळ घरांत कपड्यांच्या कपाटात तांब्याची मोठी टाकी असते आणि तिच्यात विजेचा हीटर, त्याला इमर्शन म्हणतात. बटणावर दोन खुणा असतात, सिंक आणि बाथ. सिंकवर फक्त टाकीचा वरचा भाग तापतो, बाथवर सगळी टाकी. हीटर साधारण तीन किलोवॅटचा, म्हणजे तासाला तीन युनिट. रात्रभर चालू राहिला तर सकाळी घरात तोंडं वाकडी होणारच. शिवाय टाकीतलं पाणी मोजकंच असतं. एकानं अर्धा तास शॉवर घेतला की पुढच्याला गार पाणी. पहिल्याच दिवशी बटण कुठलं, किती आधी लावायचं आणि आपली वेळ कोणती, हे विचारून घ्यायचं. काही घरांत शॉवरच पाणी तापवतो. त्याची दोरी बाथरूममध्येच छताला लटकते, ती आधी ओढावी लागते.

बादली-तांब्याची आंघोळ मात्र विसरायची. टबाबाहेर जमिनीला मोरी नसते, वरच्या मजल्याची जमीन लाकडी असते, आणि सांडलेलं पाणी खालच्या खोलीच्या छतावर डाग होऊन उतरतं. दुरुस्ती डिपॉझिटमधून. पडदा नेहमी टबाच्या आत सोडायचा.

स्वयंपाकघर वापरता येईल का, कोणत्या वेळेत आणि फोडणी चालेल का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जेवण धरून पैसे दिले असतील तर संध्याकाळचं ताट साडेसहाच्या आसपास येतं; उशीर होणार असेल तर दुपारीच मेसेज करायचा. नुसतं व्हेजिटेरियन लिहू नका. अंडं, मासे, चिकनच्या पाण्यातली ग्रेव्ही, जिलेटिन, काय चालत नाही ते एकेक लिहा. फोडणी द्यायचीच तर तेल धुरावर येऊ द्यायचं नाही, खिडकी उघडी, स्वयंपाकघराचं दार बंद, कारण स्मोक अलार्म बहुधा बाहेर पॅसेजमध्ये असतो. आणि आपली हळद! पांढऱ्या ओट्यावर, प्लॅस्टिकच्या डब्यांवर, लाकडी चमच्यावर तिचा डाग बसला की निघत नाही. आपली भांडी वेगळी ठेवा आणि सांडलं की लगेच पुसा.

भेट म्हणून साताऱ्याचे कंदी पेढे आणि घरचं तूप देऊ नका. बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. भडंग, बेदाणे चालतात. फक्त भडंगात शेंगदाणे आहेत, म्हणून घरात कुणाला त्याची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा.

माझ्या थोरल्या दिरांचं मत तुमच्या एजंटसारखंच आहे: लेखी मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास. आमचा हा वाद जुना आहे आणि मी त्यांना आजही तेच सांगेन. तिथल्या लोकांना लेखी प्रश्नांचा राग येत नाही; राग येतो तो न विचारता गृहीत धरल्याचा. विचारायला आपण लाजतो आणि मग फोनवर रडणारी पोर इथं दिवाणखान्यात सगळ्यांना ऐकवतो.

हे सगळं वर्षभराच्या शिक्षणासाठी. भाषा-कोर्सवाल्या संस्था जे होमस्टे देतात त्यात बहुधा सातही रात्री आणि जेवण असतं, तिथं अर्धे प्रश्न उरत नाहीत. आणि मुलगी पार्टटाइम करणार असेल (कॉलेज चालू असताना आठवड्याला 20 तास चालतात) आणि शिफ्ट रात्री अकराला संपणार असेल, तर हॉस्टेलच बरं. झोपलेल्या घरात रोज त्या वेळी किल्ली फिरवणं कुणालाच परवडत नाही. नाहीतर पहिले चार-सहा महिने फॅमिली चांगली, पण दोन ईमेलांत या प्रश्नांची उत्तरं आली तरच.